आबांच्या जबड्यातली खोटी माशी

मी एक जुनी खोटी माशी आहे. मित्रांनो, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला माझा संशय यायला नको. मला पंख नाहीत, पोट नाही, आणि पाय म्हणून जे दिसतात ते कोंबड्याच्या मानेवरच्या पिसाचे तंतू आहेत. या सगळ्याच्या आत एक पोलादी गळ आहे. पाण्यातल्या माशांना फसवण्यासाठीच मला बनवलं. ज्याचा धंदाच फसवण्याचा, त्याला जगात सगळेच फसवे दिसतात, आणि मी तशीच आहे. तुम्ही इतक्या शहाण्यासारखे बसून वाचताय, यातही काहीतरी काळंबेरं असावं असं माझ्या मनात आत्ताच येऊन गेलं.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या स्नोई पर्वतात, एका तळ्याकाठच्या लॉजवर झाला. जिंदाबाइन गाव मागे पडलं की थोड्या वेळाने डांबर संपतं. मग मेंढ्यांच्या कुरणांची फाटकं लागतात. प्रत्येक फाटक उघडायचं, गाडी पुढे घ्यायची आणि पुन्हा लावायचं. फाटकं संपली की तळं दिसतं. तिथे क्लिफ नावाचा मालक राहायचा. त्याने टेबलाला लावलेल्या छोट्याशा पकडीत गळ धरला, त्याला मोरपिसाच्या हिरव्या झळझळीत धाग्यांचं अंग गुंडाळलं, पुढे कोंबड्याचं पीस फिरवलं आणि मागे लाल लोकरीची शेपटी लावली. मग मला उजेडाकडे धरून तो हसला. मला तेव्हाच शंका आली की हा माणूस मला काहीतरी वाईट काम सांगणार.

काम असं होतं. लांब काठीच्या दोरीला मला बांधायचं, हवेत मागेपुढे झुलवायचं आणि युकॅलिप्टसच्या झाडाखाली पाण्यावर अलगद टाकायचं. झाडावरून एखादा किडा पडलाय असं ट्राउट माशाला वाटलं पाहिजे. तळ्यात ट्राउट पुष्कळ आणि सॅमन थोडे. दोन्ही मासे मूळचे इथले नाहीत. त्यांची अंडी फार पूर्वी बोटीतून आणली होती. मोरही इथला नव्हे. एवढे सगळे बाहेरचे एका ठिकाणी कशाला जमलेत, हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही.

पण खोटं कशाला बोलू, ती वर्षं सुखाची होती. मासा खालून वर यायचा, माझ्याकडे निरखून बघायचा, मी त्याच्याकडे बघायचे. त्याला माझा संशय, मला त्याचा. कधी तो वळून निघून जायचा आणि कधी फसायचा. फसला की क्लिफ हात ओले करून त्याला जाळ्यात धरायचा, मला चिमट्याने सोडवायचा आणि मासा परत पाण्यात सोडायचा. या लॉजवर मासा मारायचा नाही, हा त्याचा कायदा होता. पाहुणे माझं कौतुक करायचे. लाल शेपटीवाली कुठे आहे, असं विचारत यायचे.

पुढे क्लिफचे गुडघे गेले. मी पत्र्याच्या डबीत पडून राहिले. डबीत ओल शिरली, मला गंज चढला आणि कसरीने माझी अर्धी शेपटी खाल्ली. इतकी वर्षं ज्यांच्या कामी आले त्यांच्यापैकी एकानेही डबी उघडली नाही. फार वाईट वाटायचं मला.

डबी उघडली ती शैलेंद्रने. हा मूळचा पुण्याचा, सिडनीला आयटीत, घर टूनगॅबीला. ऑफिसच्या सहलीत माशी टाकायला शिकला आणि त्या नादाने पार वेडा झाला. इतका की क्लिफकडून त्याने लॉजच विकत घेतला. आणि गंमत अशी की हा माणूस शुद्ध शाकाहारी. मासा पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. त्याची आई पुण्याहून फोनवर विचारायची, "खात नाहीस तर पकडतोस कशाला?" त्यावर तो तिला माशाचा फोटो पाठवायचा.

लॉज सांभाळायला त्याने मानवेलला आणलं. मानवेल वसईचा. मुंबईच्या हॉटेलांत स्वयंपाकी म्हणून त्याची उमेदीची वर्षं गेलेली. त्याची बायको लूसी खोल्या आणि बाकीचं बघायची, आणि त्यांची एल्सा गावातल्या शाळेत जायची. मानवेलचा व्हिसा या लॉजच्या नोकरीवरच होता. शैलेंद्रने नोकरी काढून घेतली की व्हिसाही जाणार, हे तिघांनाही माहीत होतं. म्हणून तिघंही त्या घरात जरा दबकून वावरायची.

लूसीचं दबकणं मी डोळ्यांनी पाहिलंय. सिडनीला गेली की ब्लॅकटाउनच्या दुकानातून ती सुका जवळा आणायची. तुम्ही खात नसाल तर सांगते, जवळा म्हणजे नखाएवढी वाळवलेली कोळंबी. त्याचा वास लांबून येतो. शाकाहारी मालकाच्या लॉजमध्ये हा वास कसा चालेल, म्हणून ती पुडी पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा कपडे धुण्याच्या खोलीत, साबणाच्या मागे ठेवायची. जवळा धुवायचा असला तर स्वयंपाकघराच्या मोरीत नाही. मागच्या दाराने जाऊन, लॉजच्या पाठीमागे तळं जिथे वळतं, तिथल्या दगडांवर बसून चाळणी बुडवायची. कुणी असं लपूनछपून काही करायला लागलं की माझे कान टवकारतात. ही बाई काहीतरी चोरतेय, असं मी तेव्हाच ठरवलं होतं.

तळ्यात, लॉजच्या पुढच्या लाकडी धक्क्याखाली एक म्हातारा ट्राउट राहायचा. लांबीला हाताएवढा, आणि पाणकावळ्याने कधीतरी टोचल्यामुळे शेपटीला खाच पडलेली. शैलेंद्र त्याला आबा म्हणायचा. लॉजच्या जाहिरातीवर आबांचाच फोटो होता आणि पाहुणे त्यांच्यासाठीच यायचे. आबा मात्र कुणाला दाद द्यायचे नाहीत. माझ्यापेक्षा संशयी असा तो एकच जीव मला भेटला.

दोन हजार वीस सालच्या मार्च महिन्यात शैलेंद्रने मला दोरीला बांधलं. शहरातून रोग पसरल्याच्या बातम्या येत होत्या आणि आता लॉज बंद करावा लागणार होता. जाण्यापूर्वी एकदा आबांना बघू, असं त्याच्या मनात आलं. पाहुण्यांना तो गळाचा उलटा काटा दाबून टाकायला लावायचा, म्हणजे मासा सोडताना जखम होत नाही. माझा काटा मात्र त्याने तसाच ठेवला. जुनी चीज आहे, कशाला बिघडवायची, म्हणाला.

त्या संध्याकाळी आबांनी मला घेतलं. का घेतलं कोण जाणे. दोरी ताणली, तुटली, आणि मी त्यांच्या जबड्यात रुतून राहिले, मागे दोरीचं लांब शेपूट घेऊन. शैलेंद्र धक्क्यावर डोकं धरून बसला आणि दुसऱ्या सकाळी टूनगॅबीला गेला.

मग सगळं बंद झालं. मित्रांनो, तुम्ही तेव्हा घरात अडकला होतात, मी जबड्यात अडकले होते. अंधार, गार पाणी आणि आबांचा राग. ते मला दगडांवर घासायचे. मी निघत नव्हते, त्यांनाही खाता येत नव्हतं. ते वाळत चालले. शेवटी मागे लोंबणारी दोरी धक्क्याच्या खांबाला गुंडाळली गेली आणि आम्ही दोघं जागीच अडकलो.

तो गुड फ्रायडेचा दिवस होता. ते मला कळलं, कारण धक्क्यावर लूसीचा आवाज आला, "आजच्या दिवशी चर्च बंद. असं कधी ऐकलंय का तू?"

मग मानवेलचा आवाज आला. "लूसी, इकडे बघ. आबा आहे हा. अडकलाय."

"देवानेच पाठवला," लूसी म्हणाली. "आज मटण चालत नाही, माशाचाच दिवस. आणि गावातली सामानाची गाडी अजून आलेली नाही."

मानवेल पँटसकट पाण्यात उतरला. मी मनात म्हटलं, संपलं. वसईचा माणूस, मासा हातात आयताच आलेला, आणि मैलोन्मैल बघणारं कुणी नाही. सोडेल कशाला? मी सुरीची वाट बघू लागले.

त्याने आबांना एका हाताने पाण्यातच धरलं आणि दुसऱ्या हाताने मला हळूहळू फिरवून बाहेर काढलं. एल्सा काठावर उभी होती. "डॅडी, इट्स ब्लीडिंग," ती म्हणाली.

"हो गं, थांब जरा." त्याने आबांचं तोंड पाण्याच्या दिशेने धरून ठेवलं. त्यांचे कल्ले नीट हलायला लागले आणि त्याने हात उघडला. आबा गेले.

लूसी वाकून पाण्यात बघायला लागली. मग म्हणाली, "सोडलास?"

"अडकलेला मासा कसला खायचा. समुद्रावर जाऊन पकडला असता तर गोष्ट वेगळी. आपण काय, आपणही अडकलेलेच."

"बरं. पण शैलेंद्रला सांगू नकोस. तुझ्या हातात आबा होता एवढंच त्याला ऐकू येईल. पुढचं काही ऐकायचाच नाही तो."

मानवेलने मान डोलावली आणि मला आपल्या हॅटच्या पट्टीत खोचलं. इतकं सगळं डोळ्यांनी बघूनही मला त्याचा भरवसा वाटला नाही. उद्या परत येईल आणि आबांना घेऊन जाईल, असंच मला वाटत राहिलं. तो परत आला नाही.

त्या दिवसानंतर आबा धक्क्याखाली कधी दिसले नाहीत. शैलेंद्र फोनवर विचारायचा, "आबा काय म्हणतात?" मानवेल म्हणायचा, "दिसले नाहीत हल्ली." हे खरं होतं, पण तो ते इतकं चाचरत म्हणायचा की मलाच वाटायचं, हा पठ्ठ्या खोटं बोलतोय.

जूनमध्ये सिडनीच्या लोकांना बाहेर पडायची परवानगी मिळाली आणि शैलेंद्र आला. तोंडाला फडकं, हातात जंतुनाशकाची बाटली. दारांच्या मुठी पुसल्या, स्वतःची ताटवाटी गाडीतून काढली आणि व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसला. लूसीने एल्साला आत बोलावलं. शहरातून आलाय, काय घेऊन आला असेल, अशी भीती तिलाही होतीच. माझ्यासारख्या संशयी जिवाला इतकं घरच्यासारखं कधीच वाटलं नव्हतं.

आणि तेवढ्यात त्याची नजर हॅटवर गेली.

"मानवेल, हॅटवर काय आहे ते?"

मानवेलने हॅट काढली. "ही... तुमचीच फ्लाय आहे, सर."

"ती तर आबांच्या जबड्यात होती."

"हो. मी काढली. दोरी खांबाला अडकली होती. काढली आणि सोडला त्याला."

"सोडला," शैलेंद्र म्हणाला. "कधी?"

"गुड फ्रायडेला."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी दर आठवड्याला विचारत होतो."

मानवेल लूसीकडे बघायला लागला. शैलेंद्र उठला आणि स्वयंपाकघरात गेला. तिथून कपडे धुण्याच्या खोलीत गेला, कारण वास तिथून येत होता. साबणाच्या मागचा डबा त्याने काढला, उघडला आणि झटकन तोंड फिरवलं.

"हे काय आहे?"

"जवळा," लूसी म्हणाली. "ब्लॅकटाउनहून आणलेला. तुम्हाला वास नको म्हणून इथे ठेवला."

"जे सरळ आहे ते माणूस साबणाच्या मागे का ठेवेल?"

त्याच्या घराण्यात कुणी कधी मासा शिजवला नव्हता. वाळलेली कोळंबी काय आणि शिजलेला ट्राउट काय, त्याला सगळे वास सारखेच; आबांना यांनीच खाल्लं, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने मला हॅटमधून उपटलं आणि धक्क्यावर गेला. दुपारभर तो आबांना शोधत होता. भाकरीचे तुकडे टाकून पाहिले, काठी आपटून पाहिली. आबा आले नाहीत.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तो पायरीवर उभा राहूनच बोलला. "हे बघ मानवेल, मी भांडत नाही. पण या लॉजला आबांशिवाय काय आहे? आणि मला खोटं चालत नाही. महिनाअखेरपर्यंत बघ दुसरीकडे काही होतंय का."

"सर, विमानं बंद आहेत. व्हिसा तुमच्या नोकरीवर आहे. कुठे जाऊ आम्ही?"

"ते मला माहीत आहे," शैलेंद्र म्हणाला, आणि तळ्याकडे बघत राहिला. "तुला आपला माणूस समजून ठेवलं होतं रे मी."

मानवेल म्हणाला, "मी सोडला त्याला." एवढंच. हे त्याने दुसऱ्यांदा सांगितलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटलं ते तुम्हाला नीट समजावं. मी जन्मभर खोटं बोलले. किडा नसून किडा म्हणून मिरवले. आणि आयुष्यात एकदाच खरं सांगायची वेळ आली, तर मी शैलेंद्रच्या चिमटीत होते आणि मला तोंड नव्हतं. उलट मीच पुरावा झाले होते. मला माझ्या लाल शेपटीची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लूसीने सामान बांधायला काढलं. मग तिने साबणाच्या मागचा डबा उचलला. जवळा संपवून टाकू म्हणाली, नाहीतरी आता कुणापासून लपवायचं. चाळणी घेऊन ती मागच्या दाराने निघाली.

शैलेंद्रने तिला खिडकीतून पाहिलं. ही आता आबांचे काटे कुठेतरी पुरणार, असं त्याला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं असतं. तो दबक्या पावलांनी तिच्या मागे गेला आणि पाण्याच्या टाकीमागे उभा राहिला. मी त्याच्या मुठीत होते.

लूसी दगडावर बसली. जून म्हणजे इथला हिवाळा; तळ्यावर बर्फाळ वारा होता आणि काठावरचं गवत गोठून पांढरं झालं होतं. तिने चाळणी पाण्यात बुडवून हलवली. जवळ्याचा भुगा आणि काही बारीक कोळंब्या चाळणीतून निसटून पाण्यावर पसरल्या.

पाणी खालून फुगलं. एक मोठं तपकिरी डोकं वर आलं, अगदी सावकाश, आणि लूसीच्या बोटांपाशी पसरलेली कोळंबी गिळू लागलं. मग ते वळलं. शेपटीला खाच होती. जबड्याच्या कडेला एक बरी झालेली जखम होती, आणि ती माझ्याच मापाची होती.

आबा तळं सोडून कुठे गेले नव्हते. घराला वळसा घालून मागे आले होते. रोज थोडा जवळा पाण्यात सांडतो, हे त्यांना कळलं होतं. पुढच्या धक्क्यावर दुपारभर जो शोधत होता त्याला मागच्या दाराने जायचं सुचलंच नव्हतं.

"शैलेंद्र," लूसी मागे न बघता म्हणाली, "हळू या. माणूस दिसला की पळतो तो."

शैलेंद्र टाकीमागून बाहेर आला आणि तिच्यापासून बऱ्याच अंतरावर गुडघ्यांवर बसला. तोंडावरचं फडकं त्याने काढलं.

"किती दिवसांपासून येतात इथे?"

"तो सुटल्यापासून. मला वाटलं, तुम्हाला चालणार नाही. माशाला जवळा घालणं. म्हणून मानवेललाही बोलले नाही, आणि काल तर तुम्ही ऐकायलाच तयार नव्हता."

"तुम्ही सांगायचं होतंत."

"मानवेलने सांगितलं की काल," लूसी म्हणाली. "दोनदा."

शैलेंद्रने मान खाली घातली. मग त्याने हात पुढे केला. "मला थोडा देता?"

तिने चिमूटभर जवळा त्याच्या तळहातावर ठेवला. ज्याने जन्मात खायच्या मासळीला हात लावला नव्हता, त्याने तो घट्ट धरला आणि हात पाण्यात घातला. आबा थोडे पुढे आले. थांबले. त्याच्या हाताकडे बघितलं आणि मागे वळून लूसीच्या चाळणीकडे गेले. शैलेंद्रने हात तसाच ठेवला. बोटं निळी पडली तरी काढला नाही. आबा आले नाहीत.

मानवेल मागच्या दारात येऊन उभा राहिला होता. शैलेंद्र उठून त्याच्यापाशी गेला, दीड मीटरचं अंतर विसरून अगदी जवळ.

"तू सोडलं होतंस," तो म्हणाला.

"हो."

"तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. व्हिसाचं सगळं आहे तसंच राहील. तुम्ही कुठे जाणार नाही आहात."

मानवेलने लगेच हसून वगैरे दाखवलं नाही. "चहा टाकतो," म्हणाला आणि आत गेला. पण दार त्याने उघडं ठेवलं.

त्या दिवशी शैलेंद्रने पक्कड घेतली आणि माझा उलटा काटा दाबून टाकला. मग टोकही मोडलं. दुखलं मला. पण इतकी वर्षं मी ज्या भीतीत जगले, की आता पुन्हा कुणाला तरी फसवायला पाठवतील, ती भीती गेली. त्याने मला स्वतः मानवेलच्या हॅटमध्ये खोचलं. जवळ्याचा डबा स्वयंपाकघरात आला, मिठाच्या शेजारी.

मी अजून त्याच हॅटवर आहे. संशयी होते तशीच आहे, उगाच आव आणत नाही. नवा पाहुणा आला की आधी त्याचे खिसे बघते. पण मित्रांनो, एक मागणं आहे. पाण्याकाठी तुटलेली दोरी आणि गळ कधी टाकून जाऊ नका, शोधून उचला, कुणाचा तरी जबडा त्यात अडकतो. आणि कुणाचा संशय आलाच, तर त्याच्या घराच्या मागच्या बाजूलाही एकदा जाऊन या.

शैलेंद्र आता महिन्याकाठी येतो. आला की आधी मागे जातो, दगडावर बसतो आणि जवळा घेऊन हात पाण्यात घालतो. आबा येतात, त्याच्याकडे बघतात आणि लूसीची वाट बघत राहतात.

तो अजून बसतो.